न आलेला वास

घर रंगवताना चुना उडून बाबांचा उजवा डोळा गेला, असं मी लहानपणापासून ऐकत आले. ते मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात ऑपरेटर होते. घरात शिरले की कपड्यांच्या वासावरूनच कळायचं, आज कुठल्या टाकीवर पाळी होती.

मी दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची हवा तपासते. ताऱ्याचा उजेड त्या हवेतून गाळून येतो, त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. एका ग्रहावर चार वर्षं डोकं फोडलं. त्याच्या हवेत अमोनियाचा मागमूस नव्हता. म्हणजे ग्रहातच नाही, असं मी लिहून टाकलं. सोमवारी लेख पाठवायचा होता, माझा पहिलाच.

रविवारी बाबा बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. मी फुशारकीनं सगळं सांगितलं.

"पोटात काय हाय त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"ते ठरायचंय. खोल समुद्र असेल, नाहीतर वितळलेला खडक."

"मग वर वास नाय म्हंजे आत पण नाय, हे कुणी सांगितलं गं तुला?"

समुद्र असो की तापलेला खडक, वरचा अमोनिया आत मुरू शकतो, आणि मी पोटाकडे बघितलंच नव्हतं.

बाबा सोलता सोलता बोलत राहिले. टाकी उघडण्याआधी तिची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीशी नाक न्यायचं, हाच त्यांचा मीटर. एका सकाळी टाकी गार होती, वास आला नाही. नुसतं पाणी समजून त्यांनी झाकण काढलं, टाकी धुवायला आत गरम वाफ सोडली आणि डोकावून बघितलं. पाण्यानं अमोनिया पिऊन ठेवला होता. तापताच तो थेट तोंडावर आला.

"चुना नव्हता तो," ते म्हणाले. "चूक माझीच. तुमा पोरांना काय सांगायचं?"

अंगावर काटा आला. जिथला उजेड इथं पोचायला माणसाचा जन्म पुरत नाही, तिथेही मोहोपाड्याच्या टाकीचाच कायदा चालतो. केवढं हे, असं वाटून मी नुसती बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्याकडे बघितलं आणि रडू आलं.

लॅपटॉप उघडून मी ते वाक्य खोडलं. सोमवार हुकणार होता.

"चार वर्षं वाया गेली का गं?"

"नाही बाबा. एक वाक्य गेलं."

त्यांनी सोललेला वाल पातेल्यात टाकला. "मग स्वस्तात सुटलीस," ते म्हणाले.