आपला साबण

माझी आत्या गेली एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासते. तिथं तिला सगळे 'कानामात्रा' म्हणतात, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नाही. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली असेल तर ती त्या दुकानात पाऊल टाकत नाही, मग वाट वाकडी करून पार टोकापर्यंत जावं लागलं तरी बेहत्तर.

काका, म्हणजे तिचे यजमान, फौजेत ड्रायव्हर होते. लढाईत त्यांच्याकडे पाण्याची गाडी होती. "लोक शत्रूला पाणी पाजतात, ह्यांनी आपल्याच माणसांना पाजलं," असं आत्या आल्यागेल्याला सांगते, आणि काकाच सगळ्यांत मोठ्यानं हसतात.

हसून झालं की मात्र "आम्ही तिकडे होतो तेव्हा..." एवढं वाक्य सुरू व्हायचं आणि पुढे चहा मागितला जायचा. आता, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो आणि 'आम्ही' म्हटलं की बाहेर राहतो, हे आत्याला कोणी सांगायला नको. लग्नाला आठ महिने झाले नाहीत तोच काका लढाईवर गेले, ते दीड वर्षानं परतले. त्या दीड वर्षात आपण कुठेच नव्हतो हे तिला चाळीस वर्षं सलत होतं. "तुमच्या त्या 'आम्ही'त मला बसायला जागा नाही," असं ती एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाली होती. काकांनी पंखा वाढवला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कोणाला न सांगता चार वह्या लिहून काढल्या आणि आत्याच्याच मालकांनी त्या छापायला घेतल्या. फौजेतल्या मोठ्या साहेबांची पुस्तकं आत्यानं पुष्कळ तपासली आहेत. त्यांत नकाशे असतात, नकाशांवर बाण असतात. साध्या शिपायाच्या पुस्तकात बूट चावतात, सरपण ओलं निघतं आणि पत्र येत नाही. तिला हीच पुस्तकं आवडतात. पण घरचंच पुस्तक हातात आल्यावर ती ते उघडेना. ह्यातही आपण नसलो तर?

त्यात मालकांनी फर्मान काढलं. "बाई, हे आत्मचरित्र आहे की मोर्चा? पानोपानी आम्ही, आम्ही! सगळीकडे 'मी' करून टाका."

काकांना विचारलं तर म्हणाले, "तू बघ. ते खातं तुझं."

रविवारी दुपारी आत्या लाल पेन घेऊन टेबलाशी बसली. मी समोर मटार सोलत होते. तसं काम सोपं. 'आम्ही गेलो'चं 'मी गेलो' करताना क्रियापदाला हातही लावावा लागत नाही. पण तिसऱ्याच पानावर 'मी खंदक खणला' झालं आणि आत्या थबकली.

"ह्यांनी? एकट्यानं? घरात खिळा ठोकायचा तर ह्यांना दोन माणसं लागतात."

तिनं स्वतःची दुरुस्ती खोडली, जुन्या शब्दाखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं, 'तसेच ठेवा'. खोडलेलं परत हवं असलं की प्रुफात असंच लिहितात. पुढच्या तासाभरात मालकांच्या हुकमाची पार वाट लागली. पानोपानी ठिपकेच ठिपके.

चौऱ्याहत्तराव्या पानावर वाक्य होतं : 'पहिला गोळा पडला तेव्हा आम्ही गाडीखाली शिरलो आणि ओक्साबोक्शी रडलो.' आत्यानं मागचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, जोडीदार तापानं दवाखान्यात, त्या दिवशी गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तिनं समासात लिहिलं, 'लेखकास विचारणे : आम्ही म्हणजे कोण?' आणि कोणत्याही लेखकाकडे पाठवावा तसा तो कागद गॅलरीत बसलेल्या काकांपुढे नेऊन ठेवला.

काकांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"मीच," ते म्हणाले. "मी एकटा."

"अहो, इतकं रडायला काय झालं होतं?"

"टाकीला भोक पडलं. वर चौकीवर तीस माणसं तहानलेली आणि पाणी माझ्या डोळ्यांदेखत मातीत चाललेलं. पुष्कळ रडलो. मग तू बांधून दिलेला साबण आठवला. तो पिवळा, धुण्याचा. ओला करून मळला आणि भोकात कोंबला. बसला घट्ट."

"आणि पाणी?"

"पोचलं की. दोन दिवस चौकीवर चहाला फेस येत होता. काय शिव्या खाल्ल्या मी!"

आत्या खुर्ची ओढून बसली. "आल्यावर मी विचारलं होतं तुम्हाला, साबण पुरला का म्हणून."

"मग? 'पुरला' म्हणालो होतो ना?"

आत्या हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. काका तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचाही चष्मा पुन्हा पुसायला आला. उठावं की बसावं मला कळेना, म्हणून मी सोललेलेच मटार चिवडत राहिले. मला फार बरं वाटत होतं. मग काकांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं, 'आम्ही रडलो'चं 'मी रडलो' केलं आणि खाली एक ओळ वाढवली : 'भोक बुजलं ते आपल्या साबणानं.'

सोमवारी मालकांनी प्रुफं चाळली. 'आम्ही' तसेच राहिलेले पाहून कपाळावर हात मारला आणि पान उलटलं. त्या ओळीवर मात्र बोट ठेवलं.

"बाई, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं? 'आपल्या' साबणानं? वाचकाचा साबण तिथं कुठून आला? 'बायकोच्या' करा. सरळसरळ चूक आहे."

"चूक आहे," आत्या म्हणाली. मग तिनं त्या 'आपल्या'खाली एकेक करून ठिपके दिले आणि समासात लिहिलं, 'तसेच ठेवा'.