काकूच्या कार्डावरचं ऑपरेशन

आमच्याकडे कार्ड माणसाचं नसतं, घराचं असतं. रेशनचं तसं, इलाजाचंही तसंच. आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आणि तिला अकोल्याला भरती करायचं ठरलं, तेव्हा तिचं योजनेचं कार्ड अजून आलेलंच नव्हतं. काकूने आपलं काढून दिलं. "घेऊन जा ना बाई, घरातलंच हाये." मोठ्या जावेला ती बाई म्हणायची. कार्डावरचा फोटो इतका काळा होता की खुद्द काकूलाही स्वतःची ओळख पटली नसती. आईचं ऑपरेशन काकूच्या नावावर झालं. वीतभर टाके घेऊन आई घरी आली आणि काही दिवसांनी पुन्हा काकूशेजारी दर्यापूरच्या बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकायला बसली.

काही वर्षांनी काकूचं पोट दुखायला लागलं. मी दोघींना घेऊन अमरावतीला गेले. सोनोग्राफीत पित्ताची पिशवी दिसली, खडेही दिसले. खाली योजनेच्या खिडकीवर मात्र कॉम्प्युटरने अकोल्याचं सगळं काढून दाखवलं. एव्हाना सगळे दवाखाने एकमेकांना जोडले गेले होते. त्याचं कौतुक करणारा बोर्ड त्याच खिडकीवर लावला होता.

"यांची पिशवी आधीच काढलेली आहे," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मंग हे काय दुखून राहिलं?" काकूने विचारलं.

रांगेतले लोक हसले. मला त्यांचा संताप आला.

डॉक्टर म्हणाले, "मला दिसते हो पिशवी. पण मंजुरी सिस्टीम देते, मी नाही." वरच्या स्क्रीनवर पिशवी होती, खालच्या स्क्रीनवर नव्हती, आणि खालचीच खरी. आईचं कार्ड आता आलं होतं, पण ते पुढे करण्याचीही सोय नव्हती. आता चेहरा जुळवणारा कॅमेरा बसला होता.

शेवटी आईच खिडकीशी गेली. "साहेब, ते ऑपरेशन माह्यं होतं. कार्ड इचं होतं."

"म्हणजे दुसऱ्याच्या नावावर इलाज घेतला? द्या लिहून. केस होईल."

आई पेन मागायला लागली. काकूने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. "काहून बोलून राहिल्या बाई? मले जेलात भाजी नाई विकाची तुमच्यासंगं."

मग कॉम्प्युटरची चूक झाली असा अर्ज केला. खोटाच. मोबाइलवर पाहावं तेव्हा तो 'प्रक्रियेत' असायचा. खासगीत न्यायची ऐपत नव्हती. काकू गोळ्या खाऊन बाजारात बसत राहिली. एका सकाळी पोट दगडासारखं कडक झालं, आणि अमरावतीच्या वाटेवरच ती गेली. त्या खिडकीला, त्या बोर्डाला आणि आमच्या घराच्या भोळसटपणाला मी तेव्हा शिव्या घातल्या. अजूनही घालते.

गेल्या महिन्यात आईला ताप होता म्हणून त्याच दवाखान्यात नेलं. नव्या डॉक्टरने आधी स्क्रीन पाहिली, मग तिचं पोट तपासलं.

"आजी, तुमच्या नावावर एकही ऑपरेशन नाही. मग हे टाके कशाचे?"

आईने पदर ओढून पोट झाकलं.

"ते माह्या जावेचं ऑपरेशन हाये," ती म्हणाली.