सवलत धाकटीला मिळाली

आई जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दोघी बहिणी विद्यापीठात एकाच वर्गात होत्या. थोरलीचं मागं एक वर्ष वाया गेलं होतं, म्हणून धाकटीनं तिला गाठलेलं. ते तिला तेव्हापासूनच खुपत होतं.

आईला उठवणं-बसवणं, कूस बदलणं, भांडं देणं सगळं थोरलीवर पडलं. धाकटीला आईचं कण्हणं सोसवत नसे. ती उंबरठ्यात उभी राहून रडायची आणि वाचनालयात निघून जायची.

परीक्षा तोंडावर आली तशी धाकटी विभागप्रमुख बाईंना भेटली, घरची अडचण सांगितली. तिचे दोन पेपर पुढे ढकलले गेले आणि तिला पहिला वर्ग मिळाला. थोरली मात्र आईच्या उशाशी बसून जमेल तेवढं वाचून सगळ्या पेपरांना बसली आणि दोन विषयांत नापास झाली.

वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, घरात एवढं आजारपण असून पोरीनं नाव काढलं. ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटीचं हसणंसुद्धा तिला बघवेना. शेवटी भाजी चिरता चिरता ती बोललीच, "कष्ट माझे आणि सवलत तुला."

"मी मागितली, ताई. तू मागितलीच नाहीस."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. थोरली बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, उशीर झालाय, तरी फेरपरीक्षा पहिलाच प्रयत्न म्हणून धरता येईल, म्हणजे पहिला वर्गही मिळू शकेल. फक्त घरच्या कुणीतरी तसं लिहून द्यायला हवं. वडिलांना चार ओळी लिहायचा कंटाळा. राहिली धाकटी. तिच्यापुढे तोंड उघडणं थोरलीच्या अगदी जिवावर आलं.

धाकटीनं एका बैठकीत लिहून दिलं: 'आईचं सगळं ताईनं केलं. मी नुसती रडले, आणि तिच्या जिवावर सवलत घेतली.'

वाचताना थोरलीचे डोळे भरून आले. त्याच दमात मनात आलं, मेली लिहितेही माझ्यापेक्षा चांगलं.

थोरली फेरपरीक्षेत पास झाली. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. निकाल ऐकून आई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आली आणि तिनं थोरलीला जवळ घेतलं. "माझं करताना तुझं राहिलं होतं," म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. तो पाहून थोरलीला बरं वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.