हिल्डाच्या बावखलातल्या मरळी

हिल्डाने बावखलात जलपर्णी आणून टाकली ती नवऱ्याच्या प्रेमापोटी, आणि असल्या प्रेमाला आवर कोण घालणार?

बावखल म्हणजे घरामागच्या वाडीतलं पावसाच्या पाण्याचं गोडं तळं. त्याच्या जिवावर आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होत नसत. मे महिन्यात गाळ उपसून केळींच्या बुडाशी घालायचं काम तिच्या नवऱ्याने, मायकलने हातपाय चालत होते तोवर केलं. तो गेला. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरीवर घालायला हिल्डाला मनासारखी फुलं मिळेनात. जांभळा हा दुखवट्याचा रंग. वालीवच्या एका नाल्यात जलपर्णीची तशी फुलं दिसली, तेव्हा तिने एक रोप पिशवीतून आणून बावखलात सोडलं.

पुढच्या वर्षी कबर फुलांनी झाकली. त्याच्या पुढच्या वर्षी बावखलच झाकलं. पाण्याला ऊन दिसेना, खाली पानं कुजली, आणि एका सकाळी बारीक मासे पोट वर करून तरंगले. साठी उलटलेली हिल्डा कंबरभर पाण्यात उतरून जलपर्णी ओढून काढी आणि ती पुन्हा माजे. मदतीला कुणी फिरकलं नाही. सल्ले द्यायला मात्र अख्खी आळी हजर.

दीर गॉडफ्रे अर्ध्याचा मालक. त्याला बावखल बुजवून गाड्या लावायला जागा हवी होती, पण हिल्डा कायम नाही म्हणत आली होती. मेलेल्या माशांचा वास घरात शिरला तेव्हा तिचा धीर सुटला. आपणच मारलं, आता कुजवत कशाला ठेवायचं? ती हो म्हणाली आणि आत जाऊन रडली.

पंपाने पाणी ओढलं, जेसीबीने जलपर्णीचा थर खरवडून काढला. हिल्डा काठावर उभी होती. तळाच्या काळ्या गाळात काहीतरी हललं. मनगटाएवढ्या मरळी होत्या. पाण्यात जीव गुदमरला की वर येऊन हवा घेणारा हा मासा, जलपर्णीच्या फटीफटीतून श्वास घेत तगला होता. कोपऱ्यात खालून नितळ पाणी पाझरत होतं. तिने वाकून ते चाखलं. गोड होतं.

"गॉडफ्रे, थांबव. पानी जिवंत हाय रे."

गॉडफ्रे काही वाईट माणूस नव्हता. त्याने काठावर येऊन खाली वाकून पाहिलं.

"वहिनी, तूच हो म्हनलीस ना. आता मातीच्या गाड्या दारात उभ्या हायत."

तिला अजूनही नाही म्हणता आलं असतं. पण एवढं सगळं आपल्याच हाताने झालेलं, आता कोणत्या तोंडाने बोलायचं? ती घमेलं घेऊन गाळात उतरली. निसटत्या मरळी पदरात धरून एकेक पकडल्या, घमेल्यात पाणी घातलं आणि चिखलाने माखलेली वर आली. मागे पहिली गाडी रिकामी झाली.

घमेलं कमरेवर घेऊन ती रस्त्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मरळी सोडायला गावात दुसरं बावखल उरलंच नव्हतं.