शेपूट वर केलेला तारा

मौला पिंजारी आंधळा आहे आणि चांद त्याची बायको बघते, ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती.

शेजारची चिमणाबाई ती पदर तोंडाला लावून सांगायची. "अगं, त्येला काय दिसतंय कप्पाळ! सुलतानबी मागं हुबी ऱ्हाती. तिला चांद दिसला की नवऱ्याला चिमटा काढती. चिमटा बसला की ह्यो वरडतोय, चांद दिसला, चांद दिसला!" आणि मग ती जोरात नाक ओढायची. मी हे सगळं तालमीच्या पायरीवर तिच्याच आवाजात करून दाखवायचो, नाकासकट. पोरं हसून लोळायची.

शिवाय पुरावे होते. मौलाचाचाला सुईत दोरा ओवता येत नसे. समोर माणूस येऊन उभा राहिला तर तो बोलेपर्यंत चाचाला कळत नसे कोण आलंय. एकदा तर आमची म्हैस दावं तोडून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि चाचा कापसातून मान वर करून म्हणाला, "या पावणं, बसा."

आता खरं काय ते सांगतो. मौलाचाचा आंधळा नव्हता. त्याला हाताजवळचं दिसत नसे, पण लांबचं सगळं दिसे. रंकाळ्याच्या एका काठावर बसून पलीकडच्या काठावर कोण धुणं धुतंय हे तो नावानिशी सांगायचा. डॉक्टरानं चष्मा दिला होता, तो त्यानं परत केला. "कापूस दिसतोय," म्हणाला, "पण आभाळ पुसून जातंय." कापूस त्याला बघावा लागतच नसे. कापूस पिंजायच्या कमानीच्या तातीवर लाकडी दस्ता मारला की टँऽव, टँऽव असा आवाज येतो. कापूस मोकळा झाला की तो आवाज हलका होतो, त्यावरून त्याला कळायचं.

आणि चिमटा? चिमटाही खरा होता. पण सुलतानबी तो चांद दिसून गेल्यावर काढायची. एकदा चांद दिसला की चाचा त्याच्याकडे बघत तसाच उभा राहायचा, खाली उतरायचं विसरायचा, आणि घरी दुलईचं गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असायचं.

हे मला आज ठाऊक आहे. सन एकोणीसशे दहाच्या जानेवारीत नव्हतं. तेव्हा मीही बाकीच्यांसारखाच डोळे बारीक करून चाचाकडे बघायचो.

आमच्या तालमीत पिराचा पंजा बसतो. तालीम केरबा वस्तादांची, पोरं बहुतेक मराठ्यांची, पण मोहरम सगळ्या गल्लीचा. मोहरमचा चांद दिसला की तालमीपुढं आलाव्याच्या, म्हणजे विस्तवाच्या, खड्ड्यासाठी पहिली कुदळ मारायची, आणि त्या दिवसापासून पंजे निघतात त्या खत्तलरात्रीपर्यंतचे दिवस मोजायचे. चांद दिसला हे सांगायचा मान मौलाच्या घरचा. आधी त्याचा बाप सांगायचा, मग तो सांगायला लागला. कमान आणि चांद, एवढंच आपल्याला बापाकडून आलं, असं चाचा म्हणायचा.

त्या वर्षी मोहरम आला गुऱ्हाळांच्या दिवसात. चहूकडे चुलाणं पेटलेली, मावळतीला धुराची चादर. तालमीच्या माडीवर आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. कुणाला काही दिसेना. आणि चाचा एकटाच म्हणाला, "दिसला."

वस्ताद कुदळ घेऊन खाली उभे होते. त्यांचा आवाज रिकाम्या हौदात बोलल्यासारखा घुमतो. "मौला, आनि कुणी बगितला?"

"मी बगितला की."

"तू एकटा?"

"चांदबी एकटाच हाय, वस्ताद."

कुदळ पडली, पण साप मारल्यासारखी पडली. तेव्हापासून कुजबुज सुरू झाली. चांद एका दिवसानं चुकला तर खत्तलरात्र एका दिवसानं चुकणार, आणि पिराच्या पुढं तोंड कुणी दाखवायचं?

त्यात काही दिवसांनी, दिवेलागणीला, चाचा तालमीच्या पायरीवर येऊन बसला आणि सहज बोलावं तसं बोलला, "मावळतीला शुक्र हाय न्हवं? त्येच्या खाली एक तारा आलाय. शेपूट हाय त्येला."

सगळ्यांनी मावळतीकडे बघितलं. धूर होता.

"आन् शेपूट वर हाय," चाचा म्हणाला.

"वर?" वस्ताद म्हणाले. "शेपूट खाली लोंबतंय, मौला. माकडाचं खाली, पतंगाचं खाली. वर कुणाचं बगितलंस?"

मी कशाला गप्प बसतोय! वस्तादांचाच घुमणारा आवाज काढून म्हणालो, "म्हस वर करती की! शेण टाकायच्या आधी!"

तालीम हादरली. चाचाही हसला. पण वस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्येला धुरात शेपूट दिसतंय, त्येला धुरात चांदबी तसाच दिसला असंल."

हसू तिथंच थांबलं. चाचानं हातातला दस्ता मांडीवर आडवा ठेवला. "वस्ताद, मला म्हातारा म्हना, येडा म्हना. चांदाचं खोटं सांगितलं म्हनू नका."

"मग दाव तारा."

"हितनं धूर हाय. उद्या कळंब्याच्या तळ्यावर चला. बंधाऱ्यावरनं मावळत मोकळी दिसती." मग तो माझ्या आवाजाच्या दिशेला वळला. "आनि किसनू, तू लई हसलास. लाव पैज."

"लावली!" मी म्हणालो. अजून वस्तादांच्याच आवाजात.

"तारा नसला, तर ह्या माडीवर चढून माझ्या तोंडानं सांगतो, मौलाचं डोळं गेलं, चांद आता दुसऱ्या कुणी बगावा. आनि तारा असला, तर मी पुढचा चांद दिसला म्हनीपत्तोर तू कुनाचा आवाज काढायचा न्हाईस. सोताच्या आवाजात बोलायचं. कबूल?"

मला ही पैज म्हणजे फुकटात मिळालेली जिलबी वाटली. "कबूल!"

समोरच्या दाराआड सुलतानबीच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. "अजी," ती आतून म्हणाली, "जबान क्यूं दी?"

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर निघालो: पुढं वस्ताद, मागं चाचा, मध्ये मी. सुलतानबीला नको म्हटलं तरी ती आलीच. वाटेत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी न्हाय आले तर चिमटा कोन काढनार, रे?" माझे कान तापले. म्हणजे चिमणाबाईची नक्कल तिच्या दारापर्यंत पोचली होती तर.

बंधाऱ्यावर पोचल्यावर वस्तादांनी तिला लांब बाभळीखाली बसवलं. "वहिनी, तुमी हितंच बसा. उगं कुनाला शंका नको."

"बसते की," ती म्हणाली. "माझा हात काय एवढा लांब न्हाय."

सूर्य बुडाला. तळ्याचं पाणी तांबूस झालं, मग राखाडी. शुक्र लखलखायला लागला. वस्ताद त्याच्याकडे हात करून म्हणाले, "ह्योच तुजा तारा, मौला. डोळ्यात पानी आलं की कंदिलालाबी शेपूट फुटतंय. हाय काय त्यात!"

चाचानं बाहीनं डोळे पुसले. मग परत पुसले. पहिल्यांदाच मला वाटलं, त्याला स्वतःलाच शंका आली आहे. हातातला दस्ता त्यानं घट्ट धरला. वाटेनं हाताला सवयीचं काहीतरी असावं म्हणून आणलेला तो.

"दाव बोटानं," वस्ताद म्हणाले.

"न्हाय दावनार."

"का?"

"मी बोट केलं तर तुमी म्हनाल, मौलानं दावलं म्हनून दिसलं. चांदाच्या गवाहीला तसं चालत न्हाय. दोगं गवाह असलं तर एकाचं दुसऱ्याला ऐकू द्यायचं न्हाय. लांब-लांब हुबं करून इचारायचं, चांदाची शिंगं कुटल्या बाजूला हुती. दोगांचं जुळलं तरच चांद." तो खाली बसला. काठाच्या ओल्या चिखलात दस्त्याच्या टोकानं त्यानं काहीतरी काढलं. काय काढलं ते त्याला स्वतःला दिसत नव्हतं. हातानं चाचपून त्यानं त्यावर डोक्यावरची टोपी उपडी घातली. "माझं झालं. आता तुमी दोगं येगळं हुबं ऱ्हावा. ज्येला जे दिसंल ते त्येनं काढावं. काय दिसलं न्हाई तर काय काढू नका."

वस्ताद एका वडाखाली गेले. मी पाण्याजवळ उभा राहिलो. टोपीखाली काय आहे ते बघायची फार इच्छा झाली, पण वस्ताद माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर.

काहीच नव्हतं. शुक्र होता, डोंगराची काळी कड होती, पाण्यात एक बदक बुडी मारत होतं. पैज जिंकल्यावर माडीवरून गल्लीला कुणाच्या आवाजात सांगायचं, हे मी मनात ठरवायला लागलो. चिमणाबाईच्या की वस्तादांच्या?

आणि मग आभाळाचा उरलेला उजेड मावळला, आणि शुक्राच्या खाली काहीतरी पांढुरकं दिसलं.

आधी वाटलं, गुऱ्हाळाचा धूर. मी मान हलवली, ते हललं नाही. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. दोन्ही डोळ्यांना तेच. डोकं डोंगराला टेकायला आलेलं, ठिणगीसारखं, आणि त्यातनं वर, सरळ वर, जरासा वाकलेला एक पिसारा. दस्ता बसल्यावर कमानीवरून कापूस उडतो ना, हलका, अर्धा उजेडाचा अर्धा हवेचा, तसा. फक्त तो खाली पडत नव्हता. चाचानंच तो तिथं नेऊन टांगला असेल, असंसुद्धा क्षणभर माझ्या मनात आलं. इतका मी वस्तादांच्या तालमीतला.

मी वाकलो आणि दिसला तसा काडीनं चिखलात काढला.

मग वडाखालून वस्तादांच्या खाकरल्याचा आवाज आला. "झालं माजंबी."

चंद्र वर होता, त्याच्या उजेडात बघितलं. माझा ठिपका, त्यावर उभी रेघ. चाचाची टोपी उचलली: ठिपका, त्यावर उभी रेघ, वरच्या टोकाला किंचित वाकवलेली. वस्तादांच्या वडाखाली गेलो: ठिपका, वर रेघ. आणि ठिपक्याच्या खाली अंगठ्यानं पुसलेली आणखी एक रेघ. आधी त्यांनी शेपूट खालीच काढलं होतं. मग वर बघितलं असणार.

त्या पुसलेल्या रेघेवरनं मी नजर काढून घेतली. वस्ताद माझ्याकडेच बघत होते.

"जुळलं का?" चाचानं विचारलं. त्याला चिखलातलं दिसतच नव्हतं. तो वर बघत उभा होता.

वस्तादांनी त्याच्या हातातला दस्ता घेतला, आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचा चिखल पुसला आणि परत त्याच्या हातात दिला. "मौला," ते म्हणाले, "कुदळ बराबर पडलिया."

चाचा ताऱ्याकडे बघत तसाच उभा राहिला. बाभळीखालून आवाज आला, "काय झालं? येऊ का चिमटा काढायला?"

ती आली आणि तिनं काढलाही. त्याशिवाय तो हललाच नसता.

पुढं दोन दिवसांत वारा सुटला, धूर पांगला, आणि सगळ्या कोल्हापुरानं तो तारा बघितला. शहाणी माणसं चौकात उभी राहून अंदाज बांधत होती, लढाई की पटकी. चिमणाबाईनं तर रातोरात गोष्ट उलटी केली: "मौलानंच आनलाय त्यो! लांबनं वढून आनला! कालपत्तोर आंधळा हुता की न्हाई?" ती नाक ओढायची ते मी नुसता बघत बसायचो. करता येत नव्हतं. पैज हरलो होतो.

स्वतःच्या आवाजात बोलायचं म्हणजे काय, हे तोवर मला माहीतच नव्हतं. घरी आईला म्हणालो, "भाकरी वाढ." तिनं हातातलं थांबवून बघितलं. "ह्यो कुनाचा आवाज काढतोयस?"

"कुनाचा न्हाई. माझाच हाय."

"गप. कुनाचा हाय सांग."

तालमीत तेच. वस्तादांनी तर दोन दिवस कान लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "कळंब्याकडचं कोनतरी हाय ह्ये. आपल्या गल्लीतलं न्हवं."

शेवटी मी वैतागून चाचाच्या दारात गेलो. टँऽव, टँऽव चालू होतं. "चाचा," मी म्हणालो.

दस्ता थांबला. चाचानं कापसातून मान वर केली, कान माझ्याकडे केला आणि बराच विचार केला.

"आवाज वळखीचा न्हाय," तो म्हणाला. "या पावणं, बसा."

महिना सरला. नव्या चांदाची संध्याकाळ आली तेव्हा माडीवर सगळ्यात आधी मी चढलो. गुऱ्हाळं पेटलेलीच, मावळतीला तीच धुराची चादर. वस्ताद आले, पोरं आली, चाचा येऊन कठड्याला टेकला. सुलतानबी त्याच्या मागं.

चाचानं मावळतीकडे बघितलं. बघत राहिला.

"दिसला का, चाचा?" मी विचारलं.

तो बघतच राहिला. आणि मग सुलतानबीनं पदराआडून हात काढला आणि त्याला चिमटा काढला.

चाचा दचकला, हसला, माझ्याकडे वळला. "न्हाय," तो म्हणाला. "आज काय दिसला न्हाय."

"चाचा!"

"मौला न्हाय म्हनतोय म्हंजे न्हाय," वस्ताद घुमले. "चला रे खाली. उद्या बगू." आणि सगळी तालीम मुकाट्यानं जिना उतरली. "आनि कुणी बगितला?" असं या वेळी कुणी विचारलं नाही. मीच तेवढा मागं राहिलो, धुराकडे डोळे फाडून, आणखी एक दिवस स्वतःच्याच आवाजात.

चांद मला दिसला नाही. चिमटा मात्र मी ह्या डोळ्यांनी बघितला.