समोरच्याची हाक

मोहोळजवळच्या आमच्या गावात माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोरच आणखी एकाचं हार्डवेअरचंच दुकान आहे. तो गादीवरून उठतच नाही. "बिजागरी गं!" एवढं ओरडला, की बायको आतून बिजागरी आणते, सून खिळे तोलते, पोरगा पाइप कापतो. मी एकटाच शिडीवर चढतो, उतरतो. माझा मुलगा पुण्यात नोकरीला. समोरचा नुसता शिंकला तरी घरातले तिघं विचारतात, "काय झालं वो?" रोज ऐकतो मी.

परवा दुपार झाली तरी माझी भवानी झाली नव्हती. तेवढ्यात एक शेतकरी रस्ता ओलांडून आला. "दाराची कडी हाय का? समोरच्यांनी धाडलंय. त्यांच्यातल्या संपल्या म्हनं."

मी खुशीत कडी दिली, पहिले पैसे कपाळाला लावले.

थोड्या वेळानं समोरच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलं.

"कडी गं!" तो ओरडला. सुनेनं आतून कडी आणून दिली.

मग तो बशीत चहा ओतून फुंकत बसला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. निदान बघून हसला असता, तर भांडता तरी आलं असतं.