तिसऱ्या मजल्यावरचा कठडा

आधीच सांगते, भूतखेत, आत्मे वगैरे मी मानत नाही. इथे लोक लिहितात ते करमणूक म्हणून वाचते आणि सोडून देते. आज स्वतः लिहायला बसलेय, तेही भीतीने नाही... रागाने. इतके महिने झाले तरी तो उतरत नाहीये.

आम्ही आता विरारला असतो, पण माझं लहानपण वसईतलं. गिरीजच्या वाड्या सुरू होण्याच्या जरा अलीकडे 'प्रांगण' नावाची वसाहत आहे. प्लास्टर न केलेलं करडं काँक्रीट, मधोमध मोठा चौक आणि चौकाभोवती प्रत्येक मजल्यावर उघडी गॅलरी. गॅलरीचा कठडा मुद्दाम बुटका – मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत येईल इतकाच. का, तर शेजाऱ्यांनी चौकापलीकडून एकमेकांशी बोलावं!

त्याच कठड्यावरून माझे बाबा पडले. पावसाचं पाणी दारात येत होतं म्हणून प्लास्टिक बांधायला गेले आणि पाय घसरला. जागीच गेले. मी तेव्हा सहावीत होते. रहिवाशांनी मीटिंग बोलावली. वसाहतीचे आर्किटेक्ट आले आणि माझ्या आईच्या तोंडावर म्हणाले, "डिझाइनमध्ये दोष नाही. माणूस प्यायलेला असणार."

माझे बाबा मूळचे कराडकडचे, सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नसत. पण ते वाक्य चिकटलं. शाळेत पोरं मला 'बेवड्याची पोर' म्हणायला लागली. शेवटी आम्ही ती जागाच सोडली.

गेल्या थंडीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलं – रविवारी 'प्रांगण' सगळ्यांना बघायला खुलं, ओपन डे, आणि स्वतः आर्किटेक्ट माहिती देणार. आईने ते वाचलं. चष्मा काढून म्हणाली, "मला ने. त्या माणसाला एकदा विचारायचंय."

पोचलो तर जत्रा! कापडी पिशव्या अडकवलेली पोरं लोकांच्या दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढत होती. एक जण काळ्या पडलेल्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "काय टेक्स्चर आहे!" अरे, ती बुरशी आहे! त्या भिंतीच्या आत माणसं खोकतायत! माझं डोकं तिथेच सटकलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या जुन्या दारासमोरच ते आर्किटेक्ट साहेब उभे होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरा झब्बा, हातात काठी. शेजारी ओपन डेचा बिल्ला लावलेली एक मुलगी. साहेब कठडा थोपटत सांगत होते, "हा कठडा म्हणजे भिंत नाही, हे संवादाचं निमंत्रण आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

आई गुडघे धरत जिना चढली होती, तरी गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्या बाजूला जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. मी तिच्या मागे.

"साहेब, इथून माझा नवरा पडला. तो प्यायलेला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी नुसतं हसून मान डोलावली.

"आजी, सरांना ऐकू येत नाही," ती मुलगी म्हणाली. "गर्दीत कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलंय. प्रश्न नंतर घेऊ हं."

आईने काही म्हणायच्या आत साहेबांनी शेजाऱ्यांशी कसं बोलायचं ते दाखवायला दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि ते पुढे वाकले...

"साहेब, मागं व्हा!"

अगदी कानाशी. घोगरा आवाज, आणि 'मागं' म्हणतानाचा तो कराडकडचा हेल. मी आईला ओढलं की आईने मला, कळलं नाही. पण साहेबसुद्धा चटका बसल्यासारखे मागे सरले, आणि कठड्याचा तो तुकडा तुटून खाली चौकात गेला. भाषणासाठी मांडलेल्या खुर्च्यांचा चुरा झाला. लोक वर होते म्हणून खुर्च्या रिकाम्या होत्या.

एकच गलका झाला. जुन्या शेजारी फिलोमिना आंटी दारातून ओरडत बाहेर आल्या, "तडा गेलाय म्हणून आम्ही दोरी बांधली होती इथे! सकाळी ह्या लोकांनी सोडली. फोटोत वाईट दिसते म्हणे!"

बिल्लेवाली मुलगी पांढरीफटक पडली होती. आम्हा तिघांना म्हणाली, "तुम्ही सगळे एकदम मागे का सरलात?" तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. हातभर अंतरावर उभी होती ती!

साहेब मागे वळून बघत होते. मागे आमच्या जुन्या घराचं बंद दार. "कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं. त्यांचं मशीन अजून त्या मुलीच्या मुठीत होतं.

मी ते तिच्याकडून घेतलं, त्यांच्या हातात कोंबलं आणि त्यांनी कानात घालेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "तुम्ही ज्याला दारुडा ठरवलंत ना, तो ओरडला. ह्याच कठड्यावरून पडून मेलेला माझा बाप."

त्यांनी वळून तुटलेल्या कठड्याकडे पाहिलं. "असं काही झालं होतं का?" म्हणाले. "मला आठवत नाही हो."

आठवत नाही! आम्ही आयुष्यभर जे तोंड लपवून वागवलं, ते ह्यांना आठवतसुद्धा नाही. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईनेच मला हाताला धरून खाली आणलं.

चौकातून कुणी ओरडलं असेल, दोघींना भास झाला असेल – सगळं ताडून पाहिलं. पण आवाज खालून आला नाही, आणि भास आम्हा दोघींना झाला असं धरलं तरी तिसऱ्याचं काय? ज्याला मशीनशिवाय माझ्या आईचा प्रश्न ऐकू गेला नाही, त्याला ती हाक कशी ऐकू गेली? मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा.

रिक्षात बसलो. मी धुमसत म्हटलं, "त्या माणसाला कशाला वाचवलं गं बाबांनी?"

आईचा चेहरा एकदम लाल झाला.

"ते सोड. इतकी वर्षं मी त्यांच्या एका हाकेसाठी कान लावून बसले... आणि मारली ती त्याला?"

बाबांच्या फोटोला रोज हार घालणारी आई, त्या दिवसापासून घालत नाही.